व्हॉल्व्हचा अँप्लिफायर: बदलायचं काय, ठेवायचं काय

वाणगाव, चिंचणी, तारापूर, बोईसर या पट्ट्यात जुन्या घराचा माळा उपसला की तीनपैकी एखादी वस्तू हाती लागू शकते. पहिली म्हणजे व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ नाहीतर रेडिओग्राम. त्यावर नाव बहुधा फिलिप्स, मर्फी किंवा बुशचं. दुसरी म्हणजे मंडपवाल्याचा, लग्नाला आणि गणपतीला कर्ण्यासकट भाड्याने जाणारा पत्र्याच्या पेटीतला अँप्लिफायर. तिसरी वस्तू क्वचित सापडते: कुणा हौशी माणसाने सर्किटचा नकाशा समोर ठेवून स्वतः जोडलेला सेट. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, तेव्हा ट्रान्झिस्टर बाजारात रुळला होता. पण व्हॉल्व्हवर शिकून तयार झालेले हात तेव्हाही भरपूर होते.

आता या पेट्यांना पुन्हा मागणी आली आहे. नातवंडांना आजोबांचा सेट चालू करून हवा असतो, आणि चालू करतोच आहोत तर थोडा ‘अपग्रेड’ही करू, असं कुणीतरी सुचवतं. इथून मतभेद सुरू होतात. एका पंथाच्या मते मूळ सेटचा एक स्क्रूही बदलू नये. दुसरा पंथ पेटी तेवढी ठेवून आतलं सगळं काढायला निघतो. तिसरा फक्त व्हॉल्व्ह बदलत राहतो आणि दर वेळी आवाजात फरक पडल्याचं सांगतो. या तिन्ही बाजू तपासल्यावर माझं मत असं झालं आहे की सुधारणा म्हणून जे सर्वांत महाग विकलं जातं त्याचा उपयोग सर्वांत कमी, आणि ज्याने सेट खरोखर सुधारतो ती कामं स्वस्त आणि कंटाळवाणी असतात.

सगळ्याआधी एक गोष्ट पाहायची. पेटी उघडून व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. नाव ‘ई’ने सुरू होत असेल, म्हणजे ईसीसी८३, ईएल८४, ईझेड८१, तर फिलॅमेंट ६.३ व्होल्टचं आहे आणि सेटमध्ये बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे. नाव ‘यू’ने सुरू होत असेल, म्हणजे यूसीएच, यूएल वगैरे, तर तो एसी-डीसी सेट. त्यात सगळी फिलॅमेंटं १०० मिलिअँपिअरवर एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेली असतात, पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसी थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चेसीवर पूर्ण २३० व्होल्ट. अशा सेटला अर्थिंगची तार जोडून भागत नाही. योग्य क्षमतेचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवायचा, नाहीतर तो सेट शोभेपुरता ठेवायचा. त्याच्या पिकअपच्या भोकात मोबाइलची वायर खुपसण्याचा विचारही करू नये.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्येही २५० ते ४५० व्होल्ट डीसी, म्हणजे ‘हाय टेन्शन’, खेळत असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. १० किलोओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरीने लावून आधी तो उतरवायचा, मीटरने शून्य पाहायचं, मगच हात घालायचा. पहिल्यांदा चालू करताना जुन्या मेकॅनिकांचा सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे सेटच्या सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा पिवळा बल्ब. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. चालू सेटवर मोजमाप करताना एक हात खिशात ठेवायची जुनी शिस्त आजही लागू आहे. यातलं काही नवीन वाटत असेल तर पहिला सेट जाणत्या माणसाशेजारी बसूनच उघडावा.

हे सेट आले कुठून, हे कळलं की त्यांच्यात काय शक्य आहे तेही कळतं. घरगुती अँप्लिफायरचा सुवर्णकाळ साधारण १९४७ ते १९६० असा धरता येईल. १९४७ मध्ये इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपलं सर्किट छापलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुरेसा चांगला असेल तर भरपूर निगेटिव्ह फीडबॅक देऊन विकृती नगण्य करता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे क्वाडचा ‘टू’ हा अँप्लिफायर आला, लीकचे सेट आले, आणि १९५४ मध्ये मुलार्ड कंपनीने ‘फाइव्ह-टेन’ प्रसिद्ध केलं: पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. दोन ईएल८४, एक ईसीसी८३, एक ईएफ८६ आणि एक रेक्टिफायर. हौशी माणसाने घरी जोडावं म्हणूनच ते छापलं होतं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, आणि ईएल८४, ईसीसी८३ हे नंबर आपल्याकडे सहज मिळू लागले. ‘बेल’ छापाचे हे व्हॉल्व्ह आज परदेशातले संग्राहक शोधत असतात.

महाराष्ट्रात या उद्योगाची मुळं खोल होती. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, फिलिप्सचा पुण्याजवळ लोणी काळभोरला. मोटवाने कुटुंबाच्या मुंबईतल्या ‘शिकागो रेडिओ’चे लाउडस्पीकर स्वातंत्र्यपूर्व काळात काँग्रेसच्या अधिवेशनांत वाजले, आणि पुढे त्याच घराण्याच्या नावाचा मल्टिमीटर कितीतरी रेडिओ मेकॅनिकांच्या टेबलावर आला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेही घराघरात पोचलं ते व्हॉल्व्हच्या सेटमधूनच.

पण आठवणींनी सेट वाजत नाही. दुरुस्तीची सुरुवात मेनच्या व्होल्टेजपासून करावी लागते. जुने ट्रान्सफॉर्मर २२० किंवा २३० व्होल्टसाठी गुंडाळलेले. वाणगावच्या बाजूला मिरची-भाजीपाल्याच्या वाड्यांवरचे पंप बंद झाले की रात्री मीटरवर २४५ दिसायला नवल नाही. २२० च्या टॅपवर २४५ आले तर सगळंच ११ टक्क्यांहून अधिक वाढतं: ६.३ चे फिलॅमेंट ७ व्होल्टवर, ३०० ची हाय टेन्शन ३३४ वर. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादाच ३०० व्होल्टची आहे. व्हॉल्व्ह लवकर मरतात आणि दोष नव्या मालाला दिला जातो. ट्रान्सफॉर्मरवर २४५ चा टॅप असेल तर तो वापरावा. नसेल तर एक साधा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, त्याचं सेकंडरी मेनच्या सिरीजमध्ये उलट्या फेजने जोडावं. २४५ चे २३३ होतात. तो किती करंट सहन करेल ते आधी तपासायचं, आणि व्होल्टेज वाढण्याऐवजी कमी झालंय ना, हे सेट जोडण्यापूर्वी मोजायचं. सेटचं आयुष्य वाढवणारी याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही. दिसायला मात्र काहीच दिसत नाही, म्हणून ती फारसं कुणी करत नाही.

दुसरं काम अर्थिंगचं. पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटची दोन पिनांची कापडी वायर काढून तीन पिनांची घालावी, हिरवी तार चेसीला स्क्रूने पक्की करावी, फ्यूज फेजमध्ये बसवावा. मेनमधून चेसीला जोडलेला एक छोटा कंडेन्सर अनेक सेटमध्ये असतो. तो काढून टाकावा. गरज वाटलीच तर तिथे याच कामासाठी बनवलेला सेफ्टी कंडेन्सर घालावा. ‘काहीही बदलू नका’ म्हणणाऱ्या पंथाशी माझं इथे जमत नाही. मूळपणा जपायचा म्हणून घरात शॉक देणारी पेटी ठेवण्यात कसलाच वारसा नाही.

तिसरं, आणि सर्वांत महत्त्वाचं काम कंडेन्सरांचं. जुने मेणकागदी कंडेन्सर किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाणी शोषतात आणि गळू लागतात. यातला एक विशेष घातक. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे आवाज नेणारा कपलिंग कंडेन्सर त्याचं नाव. ग्रिडवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर असेल आणि कंडेन्सरमधून फक्त १० मायक्रोअँपिअर गळत असतील, तर ग्रिडवर ४.७ व्होल्ट उलट दिशेने येतात. ईएल८४ ला बायसच मुळात सव्वासात व्होल्टचा. त्याचा लगाम सैल झाला की प्लेट लालबुंद होते, पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. दहा-वीस रुपयांच्या कंडेन्सरसाठी सेटमधला न मिळणारा भाग गमावायचा. हा कंडेन्सर न पाहताच बदलावा. ४०० किंवा ६३० व्होल्टचा साधा पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन पुरतो.

इथेच विक्रेत्यांचा महागडा सल्ला येतो: तेलातले, चांदीच्या पत्र्याचे कंडेन्सर, आणि मायक्रोफॅरड जास्त घ्या म्हणजे बास वाढेल. हिशोब करून पाहावा. ०.१ मायक्रोफॅरड आणि ४७० किलोओहम मिळून ३.४ हर्ट्झपर्यंत आवाज जाऊ देतात. तबल्याचा डग्गासुद्धा इतका खाली जात नाही. ०.०२२ घातला तरी मर्यादा १५ हर्ट्झच्या आसपास येते. १ मायक्रोफॅरड घालून बास वाढत नाही. उलट ऐकू न येणारी खालची थरथर लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि तो गुदमरतो.

पॉवर सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांची गोष्ट अशीच. ते वाळलेले असतील तर सेट घरघरतो. घरघर कुठली हे कानाने ओळखता येतं: १०० हर्ट्झची दाट घरघर बहुधा फिल्टर कंडेन्सरची, ५० हर्ट्झची खोल हम फिलॅमेंटच्या वायरिंगची, अर्थ लूपची किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळिकीची. मूळ १६ किंवा ३२ मायक्रोफॅरडच्या जागी आजचे २२, ३३, ४७ चालतात. पण रेक्टिफायर व्हॉल्व्हला लागूनच्या पहिल्या कंडेन्सरला मर्यादा आहे: ईझेड८१ ला ५० मायक्रोफॅरड, जीझेड३४ ला ६०. तिथे २२० घातला की घरघर जाते, आणि काही दिवसांनी रेक्टिफायरही जातो.

मग काहीजण रेक्टिफायर व्हॉल्व्हच उडवून १एन४००७ चे दोन डायोड लावतात. रुपयाचं काम आहे, आणि धोक्याचंही. ३५०-०-३५० च्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक डायोडवर उलटं व्होल्टेज ९९० पर्यंत जातं. डायोडची मर्यादा १०००. मेन १० टक्के वाढली की गेलाच. एका बाजूला दोन डायोड सिरीजमध्ये हवेत. शिवाय हाय टेन्शन पूर्वीपेक्षा चढते, आणि तीही व्हॉल्व्ह तापायच्या आधी. रेक्टिफायर मिळत असेल तोवर तोच ठेवावा.

आता ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये आवाजाचा दर्जा ठरतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. विल्यमसन यांच्या लेखाचाही बराच भर त्यावरच होता. बोईसर एमआयडीसीच्या आसपास मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत आणि पंपाच्या मोटरी भरणारे हात कसबी आहेत. जळलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर त्यांच्याकडून भरून घेता येतो: वेढे मोजून, तारेचा गेज सांगून, प्रायमरी थेट २४० ची करून. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं काम वेगळं. त्यात प्रायमरी आणि सेकंडरी थरांनी एकमेकींत गुंफलेल्या असतात. आणि एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या सेटमध्ये, जसे बहुतेक रेडिओग्राम असतात, लोखंडी पट्ट्यांमध्ये मुद्दाम कागदाइतकी फट सोडलेली असते, कारण त्यातून सतत ४८ मिलिअँपिअर डीसी वाहतो. सवयीप्रमाणे पट्ट्या उलटसुलट, घट्ट भरून दिल्या की गाभा डीसीनेच भरून जातो आणि बास नाहीसा होतो. काम देताना हे लिहून द्यावं.

ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर त्याला स्पीकर कोणता हवा हे मोजता येतं. सेट बंद, व्हॉल्व्ह काढलेले, सगळं सुटं करून प्रायमरीला १० व्होल्ट एसी द्यायचे आणि सेकंडरीवर मोजायचे. ०.३९ आले तर गुणोत्तर साधारण २५.६, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर प्लेटला सव्वापाच किलोओहमच्या आसपास दिसतो, ईएल८४ ला हवा जवळपास तेवढाच. ०.२४ आले तर तो ३ ओहमसाठी बनलेला आहे. त्याला आजचा ८ ओहमचा स्पीकर लावला की आवाज पातळ आणि कर्कश होतो, आणि लोक म्हणतात, जुन्या सेटमध्ये दम नाही. स्पीकर न जोडता मात्र सेट कधीही जोरात चालवू नये; ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते.

मंडपवाल्याचा अँप्लिफायर हा वेगळाच प्रश्न. ६एल६ किंवा ईएल३४ ची जोडी, २५-३० वॉट, पाठीमागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लाइनचे टर्मिनल. ‘यात तर मोठे व्हॉल्व्ह आहेत, याचा हाय-फाय करू’ असं वाटणं साहजिक. पण तो कर्ण्यासाठी, म्हणजे भाषण आणि सनईसाठी बांधलेला. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांत लवकर दम तोडतो, आणि फीडबॅक वाढवून ते भरून काढायला गेलं की सेट शिट्टी मारतो. त्याचे कंडेन्सर बदलावेत, माइकच्या प्रीअँपची हम काढावी आणि आहे तसा वाजवावा. जुन्या नाट्यपदांच्या रेकॉर्डी त्यावर ऐकायला मजा येते. नव्या सिनेमाचा बास त्याच्याकडून मागू नये. त्याची चेसी आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन नवे आउटपुट ट्रान्सफॉर्मर मागवून दुसराच अँप्लिफायर बांधता येतो, पण त्याला दुरुस्ती किंवा अपग्रेड म्हणण्यात अर्थ नाही.

व्हॉल्व्ह बदलून आवाज बदलतो का, हा सर्वांत लाडका वाद. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशियातलं सारातोव्ह आणि चीन इथून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवल्यावर जगभर तुटवड्याची धास्ती पसरली आणि भाव चढले. गिऱ्हाइकांची संख्या पाहता हा व्यापार लहान नाही, म्हणून दावेही मोठे असतात. प्रयोग काय सांगतात? १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी दाखवलं की मर्यादेपलीकडे ढकलल्यावर व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर वेगळ्या प्रकारे फाटतात, आणि व्हॉल्व्हचं फाटणं कानाला सुसह्य वाटतं. १९७८ मध्ये जेम्स मोइर यांनी क्वाडचा व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर आणि त्याच कंपनीचे दोन ट्रान्झिस्टरवाले पडद्याआड वाजवले. मर्यादेत वाजत असताना ऐकणाऱ्यांना खात्रीने फरक सांगता आला नाही. मला दोन्ही निष्कर्ष एकत्रच वाचावेसे वाटतात. चांगल्या सर्किटमध्ये, मर्यादेच्या आत, व्हॉल्व्हच्या छापाने फारसा फरक पडू नये. चार वॉटचा रेडिओग्राम मात्र लग्नघरात सतत मर्यादेबाहेरच वाजतो, आणि ज्याला आपण ‘जुना गोडवा’ म्हणतो त्यात या फाटण्याचा वाटा आहे. तो आवडणं गैर नाही. पण मग तोच काढून टाकण्यासाठी पैसे का घालायचे?

ताकद हवी असेल तर अँप्लिफायरकडे नव्हे, स्पीकरकडे पाहावं. चार वॉटचे आठ केले तर वाढ ३ डेसिबलची, जेमतेम कळणारी. ८४ डेसिबलचा आजचा छोटा स्पीकर काढून ९० डेसिबलचा मोठ्या कागदी कोनाचा लावला तर चौपट वॉट मिळाल्यासारखं होतं. जुन्या रेडिओग्रामचा आठ इंची स्पीकर म्हणूनच फेकू नये. कोन फाटला असेल तर पातळ कागद आणि लवचिक गोंदाने सांधतो.

मोबाइल किंवा ब्लूटूथ जोडणं ही नव्या पिढीची पहिली मागणी. पिकअपचं सॉकेट क्रिस्टल पिकअपसाठी होतं, त्यामुळे मोबाइलचा सिग्नल त्याला पुरतो. डावा-उजवा चॅनेल मात्र थेट एकत्र पिळू नये. प्रत्येकात १ ते १० किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडावेत. ब्लूटूथचा तुकडा फिलॅमेंटच्या ६.३ व्होल्टवर चालवायचा मोह टाळावा, त्याची चिवचिव आवाजात उतरते. वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर बरा. यासाठी पेटीला भोक पाडायची गरज पडत नाही. कुठलाही बदल असा करावा की पुढच्या माणसाला तो तासाभरात काढता यावा. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत, आणि काय बदललं ते तारीख घालून कागदावर लिहून आत चिकटवावं.

आणि हवा. समुद्राची खार, चार महिन्यांचा पाऊस आणि तारापूरच्या रासायनिक कारखान्यांचा शेजार यांमुळे व्हॉल्व्हचे बेस, स्विच आणि व्हॉल्यूम कंट्रोल काळे पडतात. खरखर बहुतेक वेळा इथलीच असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून व्हॉल्व्ह दोन-चारदा काढून घातले की निम्म्या तक्रारी मिटतात. पावसाळाभर बंद असलेला सेट एकदम लावू नये. कोरड्या जागी दोन दिवस ठेवावा, मग सिरीज बोर्डवर. आत पाल नाही ना, हेही पाहावं. विनोद वाटेल, पण हाय टेन्शनवर आडवी झालेली पाल सेट संपवते.

सुटे भाग आणायचे तर डहाणूची लोकल पकडून ग्रँट रोडला उतरावं. लॅमिंग्टन रोडवर कंडेन्सर-रेझिस्टर मिळतात, चोरबाजारात नशिबाने व्हॉल्व्ह. खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी मेनचं व्होल्टेज, मग अर्थिंग आणि फ्यूज, मग कंडेन्सर, मग स्पीकर, आणि पैसे उरलेच तर व्हॉल्व्ह. आणि सेट दुरुस्त करायचाच नसेल, भंगारवाला दारात उभा असेल, तर निदान दोन्ही ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि मागच्या झाकणावर चिकटवलेला सर्किटचा कागद काढून ठेवा. पालघर-बोईसरकडे ते शोधणारी माणसं आहेत.